खूणगाठ

पदराला गाठ मारण्याची आमच्या आईची जुनी सवय आहे. कुणाचे पैसे द्यायचे राहिले की एक गाठ, घरातले मीठ संपले की दुसरी. संध्याकाळी घरी आल्यावर ती गाठ सोडते आणि सोडता सोडता काम आठवते. लहानपणी मला वाटे, त्या गाठीत काहीतरी बांधून ठेवलेले असणार. एकदा ती दुपारची निजली असताना मी हळूच गाठ सोडून पाहिली. आत काहीच नव्हते! उठल्यावर मात्र मला चांगलीच बोलणी बसली. कारण ती गाठ कशाची होती, हे तिला रात्रीपर्यंत आठवले नाही.

गेले दीड वर्ष मी संध्याकाळी जिथे काम करते, तिथे गाठी मारणे हेच मुख्य काम आहे. त्या संगणकात मारायच्या असतात, आणि तिथे त्यांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, एवढाच फरक.

आमची कचेरी वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूस एका औद्योगिक गाळ्यात आहे. आसपासच्या लहानसहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणे हा तिचा धंदा. एक पतपेढी, दोन दवाखाने, एक शिकवणी वर्ग आणि पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना, अशी आमची गिऱ्हाइके. सर्व्हर म्हटले की माझ्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारतीतले लुकलुकणारे निळे दिवे येतात. प्रत्यक्षात पतपेढीचा सर्व्हर म्हणजे व्यवस्थापकांच्या टेबलाखाली ठेवलेली एक काळी पेटी होती. तिला पडदा नाही, कळफलक नाही. ती रात्रंदिवस चालू राहते आणि पेढीतले बाकीचे संगणक जे मागतील ते पुरवते. पेढीची सगळी खाती त्या पेटीत.

‘मराठी आणि इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीचे तिथे काय काम?’ असे आमच्या एका सरांनी मला विचारले होते. खरे उत्तर अगदी साधे आहे. त्यांना मराठीत बिले टाइप करणारी मुलगी हवी होती आणि मला फीचे पैसे हवे होते. पण एके दिवशी आमच्या कचेरीतल्या मुख्य तंत्रज्ञांनी (त्यांना सगळे नुसते ‘दादा’ म्हणतात) एक जुनी, पाने सुटलेली वही माझ्यापुढे टाकली. म्हणाले, “तुझं अक्षर बरं आहे. एवढं नीट उतरवून दे.” ती वही उतरवता उतरवता मी या कामात कशी गुंतले ते माझे मलाच कळले नाही.

त्या वहीत सूचना होत्या. एकेक ओळीच्या, कोरड्या. प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी एक वाईट रात्र आहे, हे मला हळूहळू उमगले. काही सूचना इथे सांगते.

‘कुठलीही मांडणीची फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढावी आणि प्रतीच्या नावात तारीख घालावी.’ साधी गोष्ट. पण एका स्वल्पविरामाने दवाखान्याचे सगळे काम बंद पडते, तेव्हा कालची फाइल जागेवर असणे म्हणजे काय, ते कळते.

‘लांबच्या सर्व्हरच्या प्रवेशाचे नियम बदलताना जुनी खिडकी मिटू नये. नव्या खिडकीतून आत जाऊन पाहावे, मगच जुनी मिटावी.’ दादा एकदा जुनी खिडकी आधी मिटून बसले. आतून कडी लागलेली आणि स्वतः बाहेर! रात्री अकराला विरारहून गाडी पकडून ते पालघरला गेले आणि पेटीला पडदा जोडून कडी काढून आले.

‘क्रॉन उघडताना बोट पाहून ठेवावे.’ ही सूचना मला फार दिवस कळली नव्हती. क्रॉन म्हणजे सर्व्हरमधला पहारेकरी. त्याच्या तक्त्यात पाच खाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. खान्यात चांदणी काढली की तिचा अर्थ ‘दर’. पहिल्या खान्यात शून्य, दुसऱ्यात दोन आणि पुढे तीन चांदण्या लिहिल्या, की तो रोज रात्री दोनच्या ठोक्याला सांगितलेले काम करतो. ना कंटाळतो, ना डुलकी घेतो. आता गंमत पाहा. तक्ता दुरुस्त करायला उघडायचा तर ‘ई’ हे अक्षर लिहायचे; आणि तो सगळाच्या सगळा पुसायचा तर ‘आर’. कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आहेत, आणि ‘आर’ला पहारेकरी ‘नक्की ना?’ असेही विचारत नाही.

‘सर्व्हरचे घड्याळ कोणाचे आहे ते पाहावे.’ आमच्या एका दवाखान्याचा सर्व्हर जागतिक वेळेवर होता. ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे. त्यामुळे रात्री दोनला करायचे जड काम तो सकाळी साडेसातला, पेशंटची रांग लागलेली असताना करायला घेई. इतिहासाच्या विद्यार्थिनीला याचे नवल वाटायला नको होते. मुंबईत १९५५ पर्यंत स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ चालत असे आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. ‘किती वाजले?’ याच्या आधी ‘कोणाचे?’ हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

या सगळ्यामागे जी व्यवस्था आहे तिचे नाव युनिक्स. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिची सुरुवात केली. आम्ही वापरतो ते लिनक्स तिच्याच वळणाचे. ते लिनस टॉर्व्हाल्ड्स याने हेलसिंकीत विद्यार्थी असताना १९९१ साली लिहायला घेतले. युनिक्समध्ये अवजारे लहान लहान असतात. एक फक्त शोधते, एक फक्त मोजते, एक फक्त आवळून बांधते. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे या अवजारांना एकमेकांशी जोडणारी ‘पाइप’ आली. एकाच्या तोंडून निघाले ते दुसऱ्याच्या ओंजळीत. मला ही कल्पना समजवावी लागली नाही. आमची आई निर्मळच्या बाजूला एका वाडीत कामाला जाते. बावखलातले पाणी उपसायचे, ते पाटात सोडायचे, पाटातून वाफ्यात. पूर्वी उपसायला रहाट होते, आता पंप आहेत. पण पाट तोच. पाइप म्हणजे पाट, एवढे मी मनाशी धरले आणि पुढचे सोपे गेले.

नेमका हाच पाट गेल्या जुलैत कोरडा निघाला.

पतपेढीच्या सर्व्हरवर दादांनी लिहिलेली एक स्क्रिप्ट होती. रोज रात्री दोन वाजता पहिले अवजार सगळी खाती बाहेर काढी, पाइपमधून ती दुसऱ्या अवजाराकडे जात, ते त्यांना आवळून एका फाइलीत बांधी आणि फाइलीला त्या दिवसाच्या तारखेचे नाव मिळे. शेवटी स्क्रिप्ट नोंदवहीत लिही : ‘प्रत पूर्ण झाली.’ जागा भरून जाऊ नये म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच्या प्रती ती पुसून टाकी. शिवाय महिन्याच्या अखेरीस त्या दिवसाची प्रत आम्ही एका सुट्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवत असू. व्यवस्था चोख होती. रोज संध्याकाळी नोंदवहीतली ती ओळ पाहणे आणि रजिस्टरात बरोबरची खूण करणे, हे माझे काम. मी एक दिवसही चुकवला नाही.

२६ जूनला मी एक चांगले काम केले. वहीतच सूचना होती : ‘जुने पासवर्ड बदलावेत.’ पेढीच्या माहितीकोशाचा पासवर्ड तीन वर्षांचा जुना होता. दादांची परवानगी घेऊन मी तो बदलला. पेढीच्या संगणकांवर नवा पासवर्ड घातला, सगळे चालू झाल्याची खात्री केली आणि खुशीत घरी आले. रात्री दोनच्या स्क्रिप्टमध्येही तोच जुना पासवर्ड लिहिलेला आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

१९ जुलैला संध्याकाळी मुसळधार पाऊस होता. वीज गेली, आली, पुन्हा गेली. पेढीच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच थकलेली. तिसऱ्यांदा वीज आली तेव्हा टेबलाखालच्या पेटीतून ‘टक्... टक्... टक्...’ असा आवाज येऊ लागला. फोन आल्यावर दादा आणि मी गुडघाभर पाण्यातून तिथे पोचलो. दादांनी पेटीला कान लावला आणि म्हणाले, “डिस्क गेली.” व्यवस्थापकांचा चेहरा उतरला, पण दादा शांत होते. “घाबरू नका साहेब, कालपर्यंतची प्रत आहे.” प्रती आमच्या कचेरीतल्या यंत्रावर रोज येऊन पडत. आम्ही परत आलो. दादांनी यादी उघडली. ५ जुलैपासून १९ जुलैपर्यंत, तारखेवार, ओळीने पंधरा फाइली. नावे अचूक. दादांनी नावापुढचा आकडा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

प्रत्येक फाइल वीस बाइटांची होती.

वीस बाइट म्हणजे काय? ‘आवळून बांधणाऱ्या’ अवजाराच्या हाती काहीही दिले नाही, तरी ते त्या काहीनाहीची सुबक मोळी बांधते. तिचे वजन वीस बाइट. पासवर्ड चुकल्यामुळे पहिल्या अवजाराला आत प्रवेशच मिळाला नव्हता. त्याने पाटात थेंबही सोडला नाही. दुसऱ्याने कोरड्या पाटाच्या तोंडाशी उभे राहून आपले काम इमानाने केले. आणि इथे या व्यवस्थेचा एक नियम आहे. पाइपने जोडलेल्या कामांचे फलित काय, हे ती एरवी फक्त शेवटच्या कामाला विचारते. शेवटचा म्हणाला, ‘झाले.’ म्हणून नोंदवहीत लागले, ‘प्रत पूर्ण झाली.’ आणि म्हणून मी रोज रजिस्टरात बरोबरची खूण केली. तेवीस दिवस. त्या तेवीस दिवसांत जुन्या, भरलेल्या प्रती पंधरा दिवसांच्या नियमाने एकेक करून पुसल्या गेल्या.

कपाटातली सुटी डिस्क काढली. ३० जूनची फाइल : वीस बाइट. त्याच्या आधीची ३१ मेची. दादांनी ती उघडली, तिच्यात खाती होती. म्हणजे १ जूनपासून १९ जुलैपर्यंतचे एकोणपन्नास दिवस नाहीसे झाले होते.

पेढी मोठी नव्हे. तिच्यात पिग्मी भरणारे फार : भाजीवाल्या, मासळीवाल्या, रिक्षावाले. त्यांतच एक खाते आमच्या आईचे. रोज संध्याकाळी बाजारात एजंट येतो आणि ती त्याला पन्नास रुपये देते. माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी.

त्या रात्री घरी पोचले तेव्हा आई जागीच होती. मी तिला सगळे सांगितले. म्हटले, “प्रती होत होत्या गं रोज. मी रोज बघत होते. फक्त आतून रिकाम्या.” आईने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, “बावखलात पाणी दिसतं म्हणून कोणी वाफ्यात सोडतं का? आधी चाखून बघायचं. मचूळ निघालं तर रोप जातं. तू चाखलं होतंस का?”

मी चाखले नव्हते. नोंदवहीतली ओळ पाहून मी समाधान मानले होते. एकदाही, एकही प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून खाती दिसतात का, हे मी पाहिले नव्हते. आणि खरे सांगायचे तर तसे पाहावे अशी सूचना त्या जाड वहीतही नव्हती.

पासवर्ड मी बदलला होता, हे व्यवस्थापकांना माहीत नव्हते. विजेवर, पावसावर, जुन्या बॅटरीवर सगळे ढकलणे सोपे होते. नोकरी जाण्याची भीती होती. त्याहून मोठी भीती, बाजारात आईकडे कोण कसे पाहील याची. झोप येईना म्हणून मी मोबाइलवर अशाच प्रसंगांविषयी वाचत बसले. तेव्हा गिटलॅब या कंपनीची हकीकत हाती लागली. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम या कंपनीकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने, रात्री उशिरा, एका सर्व्हरवर द्यायची पुसण्याची आज्ञा दुसऱ्याच सर्व्हरवर दिली. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबीच उरले होते. मग प्रती शोधू लागले तर रोजच्या प्रतींचे काम केव्हापासून बिघडलेले. ते बिघडल्याचे निरोप जायला हवे होते, पण ते पोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढली होती, तिने सगळे तारले. मला सर्वांत विशेष वाटले ते पुढचे. कंपनीने काही लपवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना ते जगाला थेट दाखवले आणि नंतर काय चुकले याची सविस्तर हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली. एवढ्या मोठ्या लोकांची प्रत रिकामी निघू शकते आणि ते तसे सांगूही शकतात, हे वाचून मला धीर आला.

सकाळी मी दादांबरोबर पेढीत गेले आणि व्यवस्थापकांना म्हणाले, “साहेब, पासवर्ड मी बदलला होता. प्रती त्यामुळे रिकाम्या झाल्या.” ते काही बोलायच्या आत दादा म्हणाले, “आणि स्क्रिप्ट मी लिहिली होती. कोरड्या पाटाला ‘झाले’ म्हणणारी. हे वीस बाइट आम्ही दोघांनी मिळून केलेत.” व्यवस्थापक रागावले, आणि ते योग्यच होते. बराच वेळ बोलले. शेवटी एवढेच म्हणाले, “मुली, आता माझ्या पिग्मीवाल्यांना उत्तर काय द्यायचं ते सांग.”

उत्तर कागदावर होते. पेढीची रोजकीर्द दररोज संध्याकाळी छापून, सही करून फाइलीला लागत असे. एजंटांच्या वह्या होत्या. नव्या डिस्कवर ३१ मेपर्यंतची खाती चढवली आणि पुढचे एकोणपन्नास दिवस आम्ही हाताने भरायला बसलो. पेढीतले दोन कारकून आणि मी, बारा दिवस. एक वाचायचा, एक भरायचा, तिसरा ताळा पाहायचा.

आईच्या खात्याशी आले तेव्हा मी घरून तिचे कालनिर्णय घेऊन गेले. आईला लिहिता येत नाही. पण एजंटाला पैसे दिले की ती त्या तारखेवर पेनाने एक ठिपका देते. जून-जुलैचे ठिपके मोजले, पंचेचाळीस. चार तारखा कोऱ्या होत्या. त्या दिवशी पावसाने बाजार भरलाच नव्हता. पंचेचाळीस गुणिले पन्नास, म्हणजे २२५०. एजंटाच्या वहीतही २२५०. मी ते पान कारकूनकाकांना दाखवले. ते हसून म्हणाले, “तुझ्या आईची प्रत बरोबर आहे गं.”

या धंद्यात ‘तीन-दोन-एक’ असा एक नियम सांगतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकांपर्यंत पोचवला. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या जागी असावी. वसई-विरारच्या माणसाला ‘दुसरी जागा’ कशाला, हे सांगायला नको. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल ठप्प झाल्या, ते आपण पाहिले आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे तीच दुसऱ्या जागेची प्रत टांगलेली होती. मला ती दिसली नव्हती.

आता पेढीची पेटी टेबलाखालून उचलून उंच फळीवर ठेवली आहे आणि यूपीएसची बॅटरी नवी आहे. एक प्रत वसईच्या बाहेर जाते. स्क्रिप्ट आम्ही नव्याने लिहिली. तिच्या आरंभीच ‘पाइपफेल’ नावाची एक ओळ आहे. तिच्यामुळे पाटातला कोणताही एक गडी चुकला तरी सगळे काम चुकले असे धरले जाते. प्रतीचे वजन कालच्या प्रतीपेक्षा फारच कमी भरले तर स्क्रिप्ट जुन्या प्रती पुसत नाही. रोज पहाटे दादांना आणि मला ‘झाले’ असा निरोप येतो. निरोप आला नाही, तर काहीतरी बिघडले असे समजायचे, पिग्मीचा एजंट दोन दिवस फिरकला नाही की आई चौकशी करते तसे. आणि दर शनिवारी मी एक प्रत वेगळ्या यंत्रावर उघडते, खाती मोजते, चार खात्यांची शिल्लक पाहते. या कामाला मी ‘चाखणे’ म्हणते. आता दादाही तसेच म्हणतात.

उतरवून झालेल्या वहीत मी एक पान वाढवले आहे. त्यावर एकच सूचना आहे : ‘न चाखलेली प्रत ही प्रत नव्हे.’ खाली १९ जुलै ही तारीख घातली आणि काय घडले ते पाच-सहा ओळींत, पासवर्ड कोणी बदलला त्यासकट लिहिले. दादांनी ते वाचले आणि आपल्या जुन्या सूचनांखालीही हकीकती लिहायला घेतल्या. पालघरची रात्र आता तिच्या सूचनेखाली आहे.

स्क्रिप्टमध्ये हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही, सोडून देतो. ती ओळ माणसासाठी असते. आमच्या स्क्रिप्टमध्ये या ओळी मी मराठीत लिहिते. पासवर्ड जिथे वापरला आहे तिथे लिहिले आहे : ‘हा बदलला तर इथेही बदलणे. मग प्रत चाखणे.’ उद्या मी इथे नसेन. परीक्षा होतील, पदवी मिळेल, मी आणखी कुठे जाईन. माझ्या जागी जी मुलगी येईल तिने ही गाठ सोडून पाहिली, तर ती तिला रिकामी लागू नये.

— द्वितीय वर्ष, कला